दहा कळ्यांचा चेंडू

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)



सर्वप्रथम एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. घरी मराठी बोलतो, पण लिहायची वेळ दहावीनंतर आलीच नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या तर पोटात घाला. मॅगझिनच्या मराठी विभागात मी लिहितेय हे ऐकून माझी रूममेट इतकी हसली की शेजारच्या रूममधून भिंतीवर थाप पडली. पण हा लेख तिच्याचबद्दल असल्यामुळे मराठीतच लिहायला हवा होता. का, ते पुढे कळेलच.

विषय तसा छोटा आहे. गेल्या वर्षी गॅदरिंगच्या कॅरेक्टर डेला मी एक चेंडू बनवला. बनवला म्हणण्यापेक्षा आम्ही दोघींनी बनवला. तो बनवताना फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगचं एक पान मला सेकंड इयरला समजलं. तुम्हाला कधी असा चेंडू करायचा असेल तर पूर्ण कृती मापांसकट दिली आहे. करायचा नसेल तरी वाचा, ग्राफिक्सच्या पेपरला उपयोग होईल!

हा ब्लिट्झबॉल म्हणजे काय?

‘फायनल फँटसी टेन’ नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. जपानच्या स्क्वेअर कंपनीने तो २००१ साली प्लेस्टेशन टूसाठी काढला. म्हणजे गेम माझ्यापेक्षा वयाने मोठा! पुढे त्याची सुधारलेली आवृत्ती आली आणि २०१६ साली ती पीसीवरही मिळू लागली. मी ती चुलतभावाच्या पीसीवर खेळले. या गेममधल्या जगात ब्लिट्झबॉल हा खेळ प्रचंड लोकप्रिय आहे. स्टेडियमच्या मधोमध पाण्याचा एक अवाढव्य गोल असतो आणि खेळाडू त्या पाण्यात पोहत खेळतात. एका बाजूला सहा जण, पाच मैदानात (म्हणजे पाण्यात!) आणि एक गोलकीपर.

त्यात वाक्का नावाचा एक कॅप्टन आहे. केस आगीच्या ज्वाळेसारखे उभे आणि कपाळाला निळी पट्टी. हा बाबा लढाईतसुद्धा तलवार वापरत नाही, ब्लिट्झबॉल फेकून मारतो. त्याची टीम वर्षानुवर्षं पहिल्याच सामन्यात हरत आलेली असते. आपलं ध्येय काय, तर जमेल तेवढं चांगलं खेळू, एवढंच ते म्हणतात. मग टिडस नावाचा हिरो येऊन त्यांना सांगतो, जमेल तेवढं वगैरे काही नाही, जिंकायचं म्हणा! ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आवडत्या पात्राचा वेश करून तसं वावरणं म्हणजे कॉस्प्ले. कॉस्च्यूम आणि प्ले हे दोन शब्द जोडून जपानमध्ये १९८०च्या दशकात हा शब्द तयार झाला. कपडे शिवून मिळतात. खरी परीक्षा असते हातातल्या वस्तूची. मी वाक्का व्हायचं ठरवलं आणि गाडी चेंडूपाशी अडली. निळा-पांढरा, अंगावर उठावदार गोल टेंगळं असलेला चेंडू बाजारात कुठून मिळणार?

पहिले दोन चेंडू

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच. साठ रुपयांचा प्लॅस्टिकचा बॉल आणला आणि त्यावर ॲक्रिलिक रंग दिला. रात्री छान दिसत होता. सकाळी उचलायला गेले तर बोटांच्या दाबाने बॉल आत गेला आणि रंगाचे पापुद्रे कॉटवर पडले. कारण उघड आहे. बॉल दबतो, सुकलेला रंग तेवढा दबत नाही. शिवाय प्लॅस्टिक इतकं गुळगुळीत असतं की रंगाला धरायला काही नसतंच.

मग वाटलं, रंग धरेल असं काहीतरी वरून चिकटवू. चपलांचं साहित्य मिळतं त्या दुकानातून पाच मिलिमीटर जाडीचा इव्हा फोम आणला. चपलेच्या सोलला वापरतात तोच. कापायला सोपा, हलका आणि लागला तरी इजा होत नाही. शीट बॉलभोवती गुंडाळली. कमरेपाशी झकास बसली, पण वर आणि खाली अशा काही सुरकुत्या पडल्या की वाढदिवसाला फुटबॉल गिफ्ट रॅप केल्यासारखं दिसायला लागलं. मी ओढते, दाबते, परत ओढते. एक सुरकुती गेली की शेजारी दुसरी तयार.

माझी रूममेट समोरच्या कॉटवर ग्राफिक्सचं पुस्तक उघडून बसली होती. तिला फर्स्ट इयरच्या ग्राफिक्सची केटी होती. दोनदा देऊन झालेला पेपर. आमच्याकडे फर्स्ट इयरचे सगळे विषय सुटल्याशिवाय थर्ड इयरला बसता येत नाही. म्हणजे मे महिन्यात सुटला नाही तर सरळ वायडी. तिचं गाव सांगलीकडचं, बारावीपर्यंत सगळं मराठी मीडियम. आई ब्लाउज शिवते. आईच्या मशीनवर हिची फी निघते. वर्ष गेलं तर घरी काय सांगायचं, हा प्रश्न ती मोठ्याने कधी विचारायची नाही, पण रात्री दोनला तिच्या टेबलावरचा दिवा चालू दिसायचा.

तर ती बराच वेळ माझी झटापट बघत होती. शेवटी म्हणाली, “अगं, असं कसं बसेल ते? टक्स घाल की.”

ब्लाउजला टक्स का घालतात?

टक्स म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. (हसू नका, मुलांनो. तुम्हालाही माहीत नाही.) ती उठली, फोमच्या सुरकुतीला दोन बोटांनी चिमटा घेतला आणि म्हणाली, “हे जास्तीचं आहे ना? हे कुठंतरी जायला पाहिजे. कापड सपाट, अंग गोल. म्हणून एवढी पाचर आत घेऊन शिलाई मारायची. आणि लई गोल असंल तर टक्सनं भागत नाही, मग कळ्या करायच्या. परकराला नसतात का सहा कळ्या? कमरेला बारीक, खाली रुंद.”

मी काही क्षण गप्प बसले. मग माझ्या जुन्या शीट्सची गुंडाळी खालून ओढून काढली. त्यात शेवटची शीट होती गोलाच्या डेव्हलपमेंटची. म्हणजे गोलाचं कवच सपाट कागदावर उलगडून दाखवायचं. सिलॅबसमध्ये प्रिझम, पिरॅमिड, सिलिंडर आणि कोनच होते, पण सरांनी उत्साहाने गोलसुद्धा करायला लावला होता. शीटवर बारा लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पाकळ्या आणि खाली नाव, ल्यून मेथड. ग्रेड ए.

“हे बघ,” मी म्हटलं, “ह्याच तुझ्या कळ्या.”

ती शीटकडे बघतच राहिली. “ल्यून म्हणजे कळी होय? मग सरळ कळी म्हणायचं ना! मी दोन वर्षं तो शब्द बघून पान उलटतेय.”

आता दुसरी कबुली. ती शीट मी जीटी मारली होती. खाली बल्ब, वर काच, काचेवर मैत्रिणीची शीट आणि त्यावर माझी. सर, तुम्ही हे वाचत असाल तर क्षमा असावी. ए ग्रेड होती, पण त्या पाकळ्या अशा का असतात याचा मी एक मिनिटही विचार केला नव्हता. आणि जिला त्या का असतात हे लहानपणापासून माहीत होतं, तिला त्याच विषयाची केटी होती.

गाउस काय म्हणतो?

थोडी थिअरी, घाबरू नका. कार्ल फ्रीडरिख गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध केलं की एखादा पृष्ठभाग न ताणता, न फाडता नुसता वाकवला तर त्याची एक प्रकारची वक्रता बदलत नाही. कागदाची ही वक्रता शून्य. तो गुंडाळून सिलिंडर करा, शंकू करा, शून्यच राहते. म्हणून सिलिंडर आणि शंकू एका सपाट तुकड्यातून नीट होतात. गोलाची वक्रता मात्र शून्य नाही. ती एक भागिले त्रिज्येचा वर्ग एवढी असते. त्यामुळे गोल सपाट होत नाही आणि सपाट शीट गोल होत नाही. मी रात्रभर सुरकुत्या दाबत बसले असते तरी उपयोग नव्हता.

पटत नसेल तर एक मोसंबं घ्या. देठापासून कमरेपर्यंत पेनने सरळ रेघ मारा. कमरेवर वळून पाव फेरी जा. तिथून परत देठाकडे जा. झाला त्रिकोण. आता कोन मोजा. तिन्ही काटकोन! बेरीज २७० अंश. सपाट कागदावर ती १८०च्या वर जात नाही. हा जो फरक आहे तोच सुरकुती होऊन बाहेर येतो.

मग जगात गोल वस्तू बनवतात कशा? प्रत्येकाने आपापली वाट काढली आहे. मार्टिन वाल्डझेम्युलरने १५०७ साली पृथ्वीचा नकाशा बारा कळ्यांवर छापला, म्हणजे तो कापून गोलावर चिकटवता यावा. १९७० च्या वर्ल्ड कपचा टेलस्टार हा फुटबॉल ३२ तुकड्यांचा होता, १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षटकोन. २०१४ चा ब्राझुका फक्त सहा तुकड्यांचा. टेनिस बॉलवरचं कापड तर दोनच तुकड्यांचं असतं, मधे बारीक आणि दोन्हीकडे फुगीर. तुकडे कमी केले की प्रत्येक तुकड्याला ताणून किंवा साच्यात घालून जास्त गोलाई द्यावी लागते. म्हणजे सुटका नाहीच. एक तर शिवणी वाढवा, नाही तर ताण वाढवा.

किती कळ्या?

कळी आडवी सपाटच राहिली असं धरा. मग चेंडू कापल्यावर वर्तुळ दिसणार नाही, बहुभुज दिसेल. शिवणीवर उंच, कळीच्या मधोमध खोल. साधारण फुटबॉलएवढ्या चेंडूला हा फरक सहा कळ्यांना दीड सेंटीमीटर येतो, दहाला साडेपाच मिलिमीटर आणि बाराला पावणेचार मिलिमीटरच्या आसपास. शीटवर बारा होत्या म्हणून मी बाराच करायला निघाले होते.

रूममेटने विचारलं, “टेंगळं किती लावणार?”

बारा लावायची होती. दोन टोकांना एकेक आणि बाकी दहा अंगभर, सगळीकडे सारख्या अंतरावर. बारा बिंदू गोलावर सारखे पसरायचे तर वर पाच आणि खाली पाच येतात आणि खालची पाच वरच्यांच्या मधल्या फटीत बसतात. वीस त्रिकोणांचा आयकोसाहेड्रॉन असतो, त्याचे कोपरे असेच असतात. बारा कळ्यांवर पाच टेंगळं सारखी वाटता येत नाहीत. दहा कळ्या घेतल्या तर? एक सोडून एक कळीला टेंगूळ वर, उरलेल्यांना खाली. हिशोब चोख! गेममधल्या चेंडूची ही हुबेहूब मांडणी आहे असं नाही, ती आमच्या सोयीची आहे. स्टेजवरून कोण मोजतंय?

तिसरा चेंडू, उर्फ भोपळा

आकडेमोड करताना एक गोष्ट लक्षात घ्या. फोमला जाडी आहे. तो वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि मधल्या थराची लांबी तेवढीच राहते. शीट मेटलमध्ये हेच शिकवतात. आम्हाला बाहेरून २२ सेंटीमीटर व्यास हवा होता. फोम अर्धा सेंटीमीटर जाड, म्हणून मधल्या थराचा व्यास २१.५ धरायचा. परीघ आला ६७.५४ सेंटीमीटर. कळीची लांबी त्याच्या निम्मी म्हणजे ३३.८ आणि कमरेपाशी रुंदी त्याच्या दहाव्या भागाएवढी.

इथे माझं कॉन्व्हेंट आडवं आलं. रूममेट कॅल्क्युलेटर घेऊन बसली होती. लांबी आधीच मांडून झाली होती. ती म्हणाली, “परीघ साडेसदुसष्ट.” मी वहीत लिहिलं ७७.५. सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर यांत मी आजही गडबडते. त्यामुळे कळी पावणेसात सेंटीमीटरऐवजी पावणेआठ रुंद कापली गेली. दहाच्या दहा! चिकटवल्यावर चेंडू झालाच नाही, कंबर सुटलेला आणि वरखाली दबलेला छान डांगर भोपळा झाला. मेसच्या मावशी म्हणाल्या, “द्या इकडं, भाजी करते.”

पण भोपळ्याने एक नियम शिकवला. दहा कळ्यांच्या चेंडूत कळीची लांबी रुंदीच्या बरोबर पाचपट असते, कारण एक परिघाचा निम्मा भाग आणि दुसरी दहावा. बारा कळ्या असतील तर सहापट. कापण्याआधी हे एकदा तपासा. माझा दीडशे रुपयांचा फोम गेला, तुमचा वाचेल.

आठ मिलिमीटर

दुसऱ्यांदा मापं नीट आली. मी खूश होऊन कटर हातात घेतला. रूममेटने मात्र टेप मागितला. आईच्या मशीनपाशी बसून तिला सवय लागलीय, कापण्याआधी ज्या दोन कडा जोडायच्या त्या मोजायच्या. तिने कागदी कळीच्या मधल्या रेषेवर टेप धरला. ३३.८. मग वाकड्या कडेवरून हळूहळू टेप फिरवला. ३४.६.

“हे चुकलंय,” ती म्हणाली. “कड आठ मिलिमीटर जास्त आहे. चेंडूवर तर मधली रेघ आणि कड दोन्ही टोकापासून टोकापर्यंत जातात. दोन्ही सारखीच पाहिजेत.”

मी म्हटलं, टेप सरकला असेल. परत मोजलं. तेवढंच. मग मी इंटिग्रेशन करून बघितलं, अर्धा तास लागला. उत्तर ३४.६! टेपने दोन मिनिटांत सांगितलं होतं ते.

चूक आमची नव्हतीच. ल्यून मेथड मुळातच अप्रॉक्झिमेट आहे. पुस्तकात हा शब्द स्पष्ट छापलेला असतो आणि व्हायवाला मी तो धडाधड म्हटलाही होता. पण अप्रॉक्झिमेट म्हणजे नक्की किती, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. आमच्या चेंडूत ते आठ मिलिमीटर होतं. गाउसने जे होणार नाही म्हणून सांगितलं, ते आमच्या टेपवर आठ मिलिमीटर होऊन उतरलं होतं.

गंमत म्हणजे क्षेत्रफळ मात्र अगदी बरोबर येतं. दहा कळ्यांचं मिळून १४५२ चौरस सेंटीमीटर आणि गोलाच्या सूत्रानेही तेवढंच. माल पुरेसा आहे, फक्त तो मधे कमी आणि कडेला जास्त आहे. म्हणून प्रत्येक कळी मधोमध ताणून आठ मिलिमीटर वाढवायची. कापडाला हे जमत नाही, फोमला जमतं. गरम केला की तो मऊ होतो, ताणून धरला आणि गार झाला की तसाच राहतो. शिवाय मधला भाग फुगल्यामुळे मघाचा साडेपाच मिलिमीटरचा खोलगटपणाही बराच जातो. एका दगडात दोन पक्षी.

कृती

आता ज्यांना खरोखर करायचा आहे त्यांच्यासाठी. खर्च भोपळा धरून साडेचारशेच्या आसपास आला.

१) जाड कागदावर ३३.८ सेंमी लांबीची मधली रेघ काढा. मध्यबिंदू म्हणजे कंबर. तिथून दोन्ही बाजूंना दर २.८ सेंमीवर खूण करा, एका बाजूला सहा खुणा होतील. कमरेवर रुंदी ६.७५ सेंमी. पुढच्या खुणांवर अनुक्रमे ६.५, ५.८५, ४.८, ३.४ आणि १.७५. सहाव्या खुणेला शून्य. प्रत्येक रुंदी मधल्या रेघेच्या दोन्हीकडे निम्मी निम्मी घ्या. ही कोसाइनची गणितं आहेत, अंश पंधरा पंधराने वाढवत जा. बिंदू हलक्या हाताने जोडा.

२) फोमवर दहा कळ्या आखा. कटरचं पातं नवीन हवं, जुन्याने कडा फाटतात. कटर अगदी उभा न धरता जरासा तिरपा धरा, म्हणजे कडा बाहेरून रुंद आणि आतून अरुंद होतील आणि शिवण घट्ट बसेल.

३) आधी गरम करणं, नंतर चिकटवणं. हा क्रम मोडू नका! चिकटवायचं सोल्यूशन पेट घेतं आणि हीट गनपाशी त्याचा उघडा डबा ठेवणं म्हणजे आत्महत्या. हीट गन आम्हाला वर्कशॉपच्या काकांनी दिली, त्यांच्यासमोरच वापरायच्या अटीवर. कळी कोमट-मऊ झाली की उशीवर किंवा गुडघ्यावर ठेवून मधला भाग अंगठ्यांनी दाबत ताणा. टेप लावून बघा. मधली रेघ ३४.६ च्या जवळ आली की थांबा. फोममधून धूर येत असेल तर तुम्ही तो जाळताय.

४) चिकटवायला फेविकॉलचं एसआर वापरा, पांढरं नव्हे. दोन्ही कडांना पातळ थर लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की जोडा. एकदा जोडलं की सरकवता येत नाही. सुरुवात कमरेपासून करा आणि टोकांकडे जा, म्हणजे राहिलेली चूक टोकाला जमा होते. हे काम गच्चीवर करा. आम्ही पहिल्यांदा रूममध्ये केलं आणि रात्री अकराला रेक्टर मॅडम वास घेत आल्या. “पोरींनो, काय हुंगताय?” हा प्रश्न आणि त्यानंतरची वीस मिनिटं मी विसरणार नाही. शेवटी रूममेटने त्यांना टक्स आणि कळ्यांचं सगळं समजावलं. मॅडम घरी स्वतः शिवतात. त्यांनी गच्चीची किल्ली दिली.

५) शेवटची शिवण बंद करण्याआधी आत फुटबॉलचा ब्लॅडर घाला. जिमखान्यातल्या फाटक्या फुटबॉलमधला आम्हाला फुकट मिळाला. त्याचं तोंड एका टोकाला बाहेर काढा. हवा भरली की आतला दाब सगळीकडे सारखा असल्यामुळे कवच आपोआप गोल व्हायला मदत होते आणि चेंडू टप्पाही खातो. जास्त भरू नका, शिवण उसवेल.

६) टेंगळांसाठी दहा मिलिमीटर जाड फोमच्या चार सेंमी व्यासाच्या बारा चकत्या कापा. गरम करून मेसच्या पळीत दाबा, घुमटासारख्या होतात. दोन चकत्या टोकांवर लावा. दहा कळ्यांची टोकं एकत्र येतात ती जागा कितीही काळजी घेतली तरी खराब दिसते, ती झाकली जाते. ब्लॅडरच्या तोंडावरची चकती वेलक्रोने लावा, हवा भरता येईल. बाकीच्या दहा कमरेपासून पाच सेंमीवर, एक वर, एक खाली.

७) रंगाआधी पांढरा फेविकॉल पाण्यात पातळ करून तीन-चार हात द्या आणि प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या. फोमची छिद्रं बुजतात. मग ॲक्रिलिकचे पातळ थर द्या. आमचा चेंडू गॅदरिंगनंतर दोन महिने हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये खेळला गेला, थोड्या भेगा पडल्या पण पापुद्रे निघाले नाहीत.

पुढे काय झालं

गॅदरिंगला मला बक्षीस मिळालं नाही. पहिला नंबर एका रोबोटला गेला आणि तो खरंच भारी होता. रूममेटला मी स्टेजवर चल म्हणून खूप आग्रह केला, ती आली नाही. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. ठरल्याप्रमाणे मी चेंडू प्रेक्षकांत फेकला तो तिच्याच दिशेने. तिने उठून दोन्ही हातांनी झेलला, फिरवून शिवणी बघितल्या आणि मगच परत टाकला.

त्यानंतर मे महिन्यापर्यंत रोज रात्री जेवण झाल्यावर आम्ही एक प्रॉब्लेम करायचो. नियम एकच. शीटवर काढायच्या आधी तो कागद कापून करून बघायचा. इंग्रजी शब्द आला की ती विचारायची, ह्याला आपण काय म्हणतो? आणि बऱ्याचदा उत्तर तीच द्यायची. ट्रंकेटेड कोन म्हणजे बादली. फ्रस्टमचं डेव्हलपमेंट म्हणजे फ्रिलची कटिंग. मी तिला इंग्रजी सांगत होते असं मला वाटायचं, खरं तर मीच ड्रॉइंग पहिल्यांदा शिकत होते. मेच्या आधी एकदा तिने विचारलं, “सुटेल का गं?” मी म्हटलं, “जमेल तेवढं करू.” आणि म्हणता म्हणता मलाच वाक्काची टीम आठवली. मग म्हटलं, “नाही. सोडवायचाच.”

पेपरला गोल आला नाही. शंकू आला, वरून तिरपा कापलेला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “सोपा होता. शंकूला कळ्या लागत नाहीत, एकाच कापडात होतो.” निकाल जुलैत लागला. डिस्टिंक्शन वगैरे काही नाही, साधी पास. आईला फोन करून तिने एवढंच सांगितलं, “सुटला.” आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत उभी राहिली.

ती आज माझ्यासोबत थर्ड इयरला आहे.

ज्युनियर्सना एकच विनंती. जीटी मारा, सगळेच मारतात, मी मारू नका म्हटलं तरी ऐकणार नाही. पण वर्षातून निदान एक शीट कापून, चिकटवून बघा. आणि जिथे अप्रॉक्झिमेट असं लिहिलेलं दिसेल तिथे टेप लावा. टेप नसेल तर आमच्या रूमवर या. चेंडूही तिथेच आहे, कपाटाच्या वर. हवा थोडी कमी झालीय, येताना पंप आणा.